सात नग आणि दोन रिकामे हात : चक्रीवादळापूर्वी घर सोडणाऱ्या एका कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीतील कुटुंबाचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, त्या सकाळी या कुटुंबाने तीन लहान मुलांसह घर सोडले. त्या वेळी मी गावच्या हायस्कुलात उघडलेल्या निवाऱ्यावर व्यवस्थेसाठी नेमलेल्या शिक्षकांपैकी एक होते. पुढे पावसाळा सरल्यावर मुलांच्या आईने आणि मी मिळून, कोणत्या पिशवीत काय होते आणि तिचे काय झाले, याची आठवून आठवून यादी केली. कुटुंबाच्या संमतीने ती येथे मांडते आहे. नावे आणि वाडी मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

घरात सहा माणसे होती. मुलांचे वडील मच्छीमारी होडीवर खलाशी होते. आई घर आणि सुपारीची लहानशी बाग सांभाळत असे. आजीचे गुडघे धरलेले होते, ती काठी घेऊन चाले आणि तिला रक्तदाबाची गोळी रोज सकाळी लागे. मुलांत थोरली मुलगी सहा वर्षांची, मधला मुलगा तीन वर्षांचा आणि धाकटी नऊ महिन्यांची होती. घर जांभ्या दगडाचे आणि कौलारू, पडवीवर सिमेंटचे पत्रे होते. घराच्या मागे माड, आणि पुढे पन्नास पावलांवर खाडी.

त्या वर्षीची परिस्थितीही लक्षात घ्यावी लागते. करोनाची टाळेबंदी नुकतीच सैल होऊ लागली होती. मुंबईहून आलेले चाकरमानी चौदा दिवसांच्या विलगीकरणासाठी शाळांमधून राहत होते. म्हणजे वादळात ज्या शाळेकडे धाव घ्यायची, तिचेच काही वर्ग आधीच भरलेले होते, आणि मुलांना घेऊन तेथे जावे की नाही ही धास्ती प्रत्येक घरात होती. अंगणवाडी बंद असल्याने मुलांचा आहार कोरड्या शिध्याच्या रूपाने घरपोच मिळत होता. हा शिधा पुढे या प्रकरणात येतो, म्हणून येथेच सांगून ठेवते.

वादळाच्या इशाऱ्यामुळे होड्या समुद्रात नव्हत्या. पण सगळ्याच अजून वर ओढून शाकारलेल्याही नव्हत्या. २ जूनला दुपारी वादळाला नाव मिळाले आणि संध्याकाळी वाडीत दवंडी फिरली की कच्च्या घरांतील आणि खाडीलगतच्या लोकांनी सकाळी लवकर हायस्कुलात यावे. वडील त्याच रात्री मालकाची होडी खाडीत आत नेऊन बांधण्यासाठी गेले. बांधाबांध आईने एकटीने केली, आणि तीसुद्धा धाकटी झोपल्यावर, रात्री दहानंतर.

प्रश्न

वरवर पाहता प्रश्न "काय काय न्यायचे" एवढाच होता, आणि आईने तो तसाच घेतला. ज्या घरात मुले लहान आहेत त्या घरात आठवू लागले की वस्तू संपत नाहीत. रात्री बारापर्यंत सात नग तयार झाले. पहिली रेक्झिनची मोठी बॅग, तीत सर्वांचे कपडे आणि तळाशी लग्नातला शालू. दुसरे गोणपाट, त्यात पाच किलो तांदूळ, अंगणवाडीच्या शिध्यातले हरभरे आणि मसूर, आणि एक पातेले. तिसरी गोधड्यांची सतरंजीत बांधलेली वळकटी. चौथी प्लास्टिकची बादली, तीत पाण्याच्या दोन लिटरभराच्या बाटल्या, तांब्या आणि साबण. पाचवी कापडी पिशवी, तीत धाकटीचे लंगोट, झबली, तापाचे औषध आणि आजीच्या गोळ्या. सहावा आजीचा झोळा, आणि सातवे थोरलीचे दप्तर.

यांतील प्रत्येक वस्तू घेण्यामागे काही तरी विचार होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र एक हिशेब राहून गेला. तीन मोठी माणसे म्हणजे सहा हात. त्यांतला एक हात काठीला, एक थोरलीचे बोट धरायला, एक धाकटीला कडेवर घ्यायला आणि एक खांद्यावर बसलेल्या मधल्याचे पाय धरायला गेला. उरले दोन. वडील वेळेवर आले नाहीत तर तेही उरणार नव्हते, कारण मग मधल्याला उचलायचे कोणी हाच प्रश्न होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय घरातच थांबण्याचा होता. भिंती जाड होत्या, आणि २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले तेव्हा घराची फक्त काही कौले गेली होती, असे आजीचे म्हणणे होते. आईने हा पर्याय मागच्या माडांमुळे सोडला. दोन माड छपराकडे झुकलेले होते. माझ्या मते या रात्रीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता आणि तो तिने अचूक घेतला.

दुसरा पर्याय चार घरे सोडून असलेल्या एका नातेवाइकांच्या स्लॅबच्या घराचा. तेथे सामान नेणे सोपे होते आणि विलगीकरणातल्या लोकांचा संपर्कही टळला असता. पण ते घर खाडीच्या आणखी जवळ आणि सखल होते, आणि त्याच दोन खोल्यांत आणखी तीन कुटुंबे येणार होती. तिसरा, रात्रीच रिक्षा करून दापोलीला नणंदेकडे जाण्याचा. वडील घरी नव्हते आणि ते आल्याशिवाय हलायचे नाही असे ठरलेले, म्हणून तो बारगळला. राहिले ते सड्यावरचे, म्हणजे वरच्या कातळमाळावरचे, हायस्कूल.

हायस्कुलाला जायला दोन वाटा आहेत. खाडीच्या कडेने जाणारा रस्ता सपाट आहे, पण साकवापाशी तो उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जातो. दुसरी वाट म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, चढाची आणि पावसात निसरडी. भरतीची वेळ काढायला आजीला कोणते कोष्टक लागत नव्हते. आदल्या दिवशी एकादशी होती, म्हणजे ३ तारखेला द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की नऊ. तिने रात्रीच सांगून ठेवले होते की नवाच्या सुमारास खाडी भरायला येईल, दोन दिवसांवर वटपौर्णिमा आहे, तेव्हा पाणी थोडके असणार नाही, आणि सपाट वाटेने जायचे तर साताच्या आत निघायला हवे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे वेळेचे सर्वांत नेमके गणित होते, आणि तरीही ते पाळले गेले नाही.

प्रत्यक्षात काय घडले

सकाळी साडेसहाला मुले उठून तयार होती. वडील आलेले नव्हते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. आजी म्हणाली, "तू पोरांना घेऊन पुढे हो, तो येईल मागून." आईला ते पटत नव्हते असे नाही, पण सात नग आणि तीन मुले घेऊन एकटीने निघणे तिला शक्यच नव्हते. पिशव्या इतक्या होत्या की त्यांनीच तिला घरात अडकवून ठेवले. पुढे यादी करताना हे वाक्य ती स्वतःच बोलली, आणि या सगळ्या प्रकरणाचे मर्म मला त्यातच दिसते.

वडील पावणेनऊला आले. तोवर वारा सुटलेला होता, पाऊस आडवा लागत होता आणि साकवावर गुडघाभर पाणी होते. पाखाडीने चढण्याशिवाय गत्यंतर उरले नाही. शेजारच्या एका कॉलेजातल्या मुलाने वळकटी आणि बादली उचलली. आईने धाकटीला कडेवर घेऊन दुसऱ्या हातात रेक्झिनची बॅग धरली. वडिलांनी मधल्याला खांद्यावर घेतले आणि एका हातात मावावे म्हणून धाकटीची कापडी पिशवी तांदळाच्या गोणपाटाच्या तोंडालाच बांधून टाकली. आजीच्या खांद्यावर झोळा, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात थोरलीचा हात.

पाखाडीच्या मध्यावर वळणाला वडाचा पार आहे. तेथे एका झोताने मधला मुलगा खांद्यावरून घसरला. वडिलांनी त्याला सावरण्यासाठी हातातले ओझे पारावर ठेवले, मुलाला छातीशी धरले आणि ओझे परत येऊन नेऊ म्हणून पुढे निघाले. हायस्कूल गाठेपर्यंत मागे एक फांदी मोडून वाटेवर आली होती, आणि दारातल्या पोलीस पाटलांनी कोणालाही परत खाली जाऊ दिले नाही. तेही योग्यच होते. तांदूळ गेले त्याची त्या दिवशी कोणाला हळहळ वाटली नाही. पण तांदळाबरोबर लंगोट, तापाचे औषध आणि आजीच्या गोळ्याही पारावरच राहिल्या होत्या.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले. आम्ही त्याच्या दक्षिणेला असल्याने वारा थेट समुद्राकडून येत होता. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे आकड्यावरून कळत नाही. सुपारीच्या बागा एका दुपारी आडव्या झालेल्या आम्ही पाहिल्या. वीज सकाळीच गेली होती, दुपारनंतर मोबाइलही मुके झाले.

निवाऱ्यातली रात्र

आईने तांदूळ घेतले होते, चूल घेतली नव्हती. गोणपाट पारावर राहिले नसते तरी त्यातला एक दाणाही त्या दिवशी मुलांच्या पोटात गेला नसता. कच्चे हरभरे, मसूर आणि तांदूळ ही घरातली बेगमी झाली; निवाऱ्यातल्या पहिल्या रात्रीचे खाणे ते होऊ शकत नाही. गावातल्या मुलांनी संध्याकाळी मोठ्या टोपात खिचडी केली, ती मोठ्यांसाठी होती आणि तिखट होती. मधल्याने दोन घास खाऊन ताट सारले. कोणीतरी दिलेल्या बिस्किटांवर तो झोपला.

पाण्याचे तसेच झाले. शाळेची टाकी पंपावर भरते, वीज गेल्यावर ती संध्याकाळपर्यंत रिकामी झाली. दोन लिटर पाणी सहा माणसांना कसे पुरावे? अंगावर पाजणाऱ्या आईने मुलांसाठी म्हणून स्वतः दुपारभर पाणी घेतले नाही. रात्री धाकटी किरकिरू लागली. शेजारच्या बाईने दुधाची पावडर पुढे केली, तेव्हा निवाऱ्यावरच्या आरोग्य सेविकेने ती थांबवली आणि आधी आईलाच दोन तांबे पाणी आणि गुळाचा खडा दिला. उकळलेले पाणी आणि धुतलेली बाटली यांची जेथे खात्री नाही तेथे अंगावरचे दूध हेच बाळाला सर्वांत सुरक्षित, आणि ते टिकवायचे तर आईच्या पोटात पाणी हवे. बाळाच्या पिशवीत आईचे पाणी धरायचे असते, हे आम्हा शिक्षकांनाही त्या रात्री प्रथमच नीट समजले.

लंगोट अंगावरचा एकच होता. आईने आपल्या साडीचा पदर फाडून चार तुकडे केले. जूनच्या दमट हवेत धुतलेले कापड सकाळपर्यंत वाळत नाही, त्यामुळे पहाटे धाकटीच्या मांड्या लाल झालेल्या होत्या.

रात्री अकराच्या सुमारास मधल्याला ताप भरला. त्याच्या औषधाची बाटली पारावर होती. पलीकडच्या कुटुंबाने आपली पॅरासिटामॉलची बाटली दिली. रंग तोच, झाकणाचे मापही तसेच. आईला घरच्या सवयीने पाच मिलिलिटरची खूण ठाऊक होती आणि तिने तेवढे औषध ओतलेही. आरोग्य सेविकेने बाटली मागून घेतली, बॅटरीच्या उजेडात लेबल डोळ्यांजवळ धरले आणि माप परत बाटलीत रिकामे केले. घरच्या औषधात पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असत, या बाटलीत २५० होते. मुलाचे वजन बारा किलो. किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला एका वेळी जास्तीत जास्त १८० चालले असते. तिने तीन मिलिलिटर दिले आणि खडूने फळ्यावर वेळ लिहून ठेवली, म्हणजे पहाटे पुन्हा द्यायचे झाल्यास घाई होऊ नये. ती बाई तेथे नसती तर तापाच्या काळजीने बसलेली आई मुलाला दर खेपेला जास्त औषध पाजत राहिली असती, आणि तिला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्या रात्रीपासून, उसने घेतलेले औषध लेबल वाचल्याखेरीज मुलाला द्यायचे नाही, असे मी भेटेल त्या पालकाला सांगते.

एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. आजीच्या झोळ्यात फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी होती आणि त्या बरणीत रेशनकार्ड, सर्वांची आधारकार्डे, बँकेचे पासबुक आणि घरपट्टीची पावती होती. हे तिला कोणी सांगितले नव्हते. लोणच्याला पाणी लागू देत नाही ती बरणी कागदांनाही लागू देणार नाही, एवढा साधा विचार तिने केला होता. झोळा तिने रात्रभर उशाखाली ठेवला.

परतल्यावर

४ जूनला सकाळी कुटुंब खाली उतरले. एक माड स्वयंपाकघरावर पडला होता, पडवीचे पत्रे शेजारच्या बागेत होते आणि माजघरात घोटाभर चिखल होता. घरात थांबण्याचा पर्याय सोडला नसता तर काय झाले असते, हे पाहायला कोणाला आत जावे लागले नाही.

उतरताना आणखी एक अडचण पुढे आली. मधल्याला खांद्यावर नेलेले, त्यामुळे त्याच्या चपला घ्यायच्या कोणाला सुचलेच नव्हते. पाखाडीभर कौलांच्या खापऱ्या आणि पत्र्यांचे खिळे पसरले होते. वडिलांना पुन्हा त्याला उचलूनच उतरावे लागले आणि सामानासाठी दुसरी खेप करावी लागली. चपलांच्या एका जोडीने एक माणूस मोकळा झाला असता.

पंचनाम्याच्या वेळी बरणीतले कागद कोरडे निघाले आणि काम लवकर झाले. भिंतीला खिळ्यावर लावलेले धाकटीचे माता-बाल संरक्षण कार्ड मात्र भिजून लगदा झाले होते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस त्याच आठवड्यात द्यायची होती. आरोग्य सेविकेच्या नोंदवहीवरून नवे कार्ड झाले, पण नोंदवही कोरडी राहिली हे नशीब. वाडीत वीज यायला कित्येक आठवडे लागले.

पिशव्या पुन्हा भरताना

ऑक्टोबरात आईने आणि मी बसून यादी केली तेव्हा मी शहाणपणा करून छापील याद्यांतला सल्ला मांडला : तीन दिवसांचे पाणी, माणशी रोज तीन लिटर. वडिलांनी लगेच हिशेब केला. सहा माणसे, तीन दिवस, चौपन्न लिटर. म्हणजे चौपन्न किलो, पाखाडीने. तो सल्ला घरीच अडकून पडणाऱ्याला किंवा दारात गाडी उभी असणाऱ्याला ठीक आहे. पायऱ्या चढणाऱ्या कुटुंबाला पहिल्या अर्ध्या दिवसापुरते पाणी आणि पुढचे पाणी शुद्ध करण्याचे साधन, एवढेच नेता येते. म्हणून सहा लिटर पाणी, गाळायला दुहेरी सुती फडके आणि आरोग्य केंद्रातून मिळणारी मेडिक्लोरची बाटली असे ठरले. औषध टाकल्यावर अर्धा तास थांबायचे, हे बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत चिकटवले.

मग वस्तूंची यादी बाजूला ठेवून आम्ही हात मोजले. वडील नसतील असे धरूनच मोजले, कारण खलाशाच्या घरात वादळाच्या दिवशी तो माणूस बहुतेक वेळा होडीपाशीच असतो. तेव्हा आईचे दोन्ही हात मोकळे कसे होतील हा पहिला प्रश्न झाला. त्याचे उत्तर घरातच घडी करून ठेवलेले होते : जुनी सुती नऊवारी. आजीने ती आईच्या खांद्यावरून आणि कमरेवरून फिरवून धाकटीला छातीशी अशी बांधून दाखवली की बाळाचे तोंड उघडे राहते, हनुवटी छातीवर दबत नाही आणि आईला वाकून तिच्या कपाळाला ओठ लावता येतात. गाठ मागे न घेता बाजूला घ्यायची, म्हणजे एकटीला सोडता येते. हीच साडी निवाऱ्यात पाजताना आडोसा होते, रात्री पांघरूण होते आणि वेळ पडली तर लंगोटही होते. नव्या पिशवीतली सर्वांत हलकी आणि सर्वांत कामाची वस्तू हीच, असे माझे मत आहे. वाऱ्यात खिडकीच्या गजाला तिचा झोका मात्र बांधू नये.

नग चार ठरले. आईच्या पाठीवर सॅक. तीत तिन्ही मुलांचा प्रत्येकी एक पूर्ण जोड, आठ-दहा तयार डायपर, घाण डायपरसाठी जाड पिशव्या, वाटी-चमचा आणि खोबरेल तेल. घरी कापडी लंगोटच वापरणाऱ्या आईला डायपरवर पैसे खर्च करणे जड गेले, पण न वाळणाऱ्या कापडाची ती रात्र तिला आठवत होती. वडिलांची दुसरी सॅक. तीत पाणी, ताडपत्री, दोरी आणि मोठ्यांचे कपडे, आणि ते नसतील तर तिच्यातले पाणी तेवढे आईने काढून घ्यायचे, बाकी सोडायचे. आजीचा झोळा, त्यात कागदांची बरणी, त्याच बरणीत लसीकरणाचे कार्ड, आणि सगळी औषधे. थोरलीचे दप्तर, शाळेच्या दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा सांगितली जाते, त्या हिशेबाने दीड-पावणेदोन किलो. तिचे कपडे, बॅटरी, शिट्टी, भावाच्या चपला आणि तिची कापडी बाहुली. बाहुलीला आईचा विरोध होता, मी आग्रह धरला. निवाऱ्यात पहिल्या दिवशी रडणारी बहुतेक मुले भुकेने रडत नव्हती.

औषधे आजीकडे का, यावर बरीच चर्चा झाली. ती सर्वांत अशक्त आहे, हे खरे. पण ओझे कमी करण्याची वेळ आली की धडधाकट माणूस आपल्या हातातले खाली ठेवतो. म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावरचा हलका झोळा कोणी खाली ठेवायला सांगत नाही. २०२० मध्ये नेमके हेच घडले होते. झोळ्यात तापाच्या औषधाची न उघडलेली बाटली, तिच्यावर चिकटपट्टीने लिहिलेले प्रत्येक मुलाचे वजन आणि माप, ओआरएसची चार पाकिटे आणि आजीच्या आठ दिवसांच्या गोळ्या. ओआरएसचे एक पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवायचे, ग्लासभर पाण्यात अंदाजाने अर्धे टाकायचे नाही, हेही लिहिले.

खाण्यासाठी शिजवावे लागणार नाही असेच निवडले : नाचणीचे लाडू, सातूचे पीठ, खजूर, गूळ, कुरमुरे. शेंगदाणे मोठ्यांच्या सॅकमध्ये, कारण लहान मुलांच्या घशात ते अडकतात आणि अंधारात कोणी काय तोंडात घातले ते दिसत नाही. मेणबत्त्या काढून टाकल्या. प्रत्येक मुलाच्या खिशात, प्लास्टिकच्या पुडीत, नाव, वाडी आणि तीन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी.

पुढच्या वर्षीची परीक्षा

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. वडील पुन्हा होडीपाशीच होते. या वेळी आई आणि आजी मुलांना घेऊन, भरती-ओहोटी पाहून, सपाट वाटेने निघाल्या, आणि दवंडीपासून घराला कडी घालेपर्यंत अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला. बॅगा दाराजवळच्या खुंटीला होत्या. एकही नग वाटेत राहिला नाही.

तरी सगळे नीट झाले असे नाही. ऑक्टोबरात भरलेली पिशवी मे महिन्यात उघडली तेव्हा धाकटीची झबली तिच्या खांद्यात अडकली, डायपर लहान झाले होते आणि ती आता चालू लागलेली असल्याने तिलाही चपला हव्या होत्या, त्या नव्हत्या. मधल्याचे वजन वाढले होते, चिकटपट्टीवरचे माप जुनेच होते. कुरमुऱ्यांना कुबट वास लागला होता. कोकणच्या हवेत बांधून ठेवलेली कोणतीही गोष्ट सहा महिने तशीच राहत नाही, आणि लहान मूल तर मुळीच राहत नाही.

वेगळे काय करता आले असते

पिशवी उघडून पाहण्याची तारीख आम्ही ठरवली नव्हती, ही आमची चूक. आता आई ती आगोटीच्या कामांतच धरते : मिरगाच्या आधी मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा भरताना पिशव्याही उन्हात टाकायच्या, मुलांची वजने अंगणवाडीत करून मापे नव्याने लिहायची. दुसरी वेळ नवरात्रात, कारण फयान नोव्हेंबरात आले आणि २०१९ चे क्यार ऐन दिवाळीत. पावसाळा संपला म्हणून पिशवी माळ्यावर टाकता येत नाही.

२ जूनच्या रात्री मी स्वतः दवंडीबरोबर वाडीत फिरले होते. "महत्त्वाचे सामान घेऊन या" असे आम्ही सांगत होतो. "एका हातात मावेल एवढेच घ्या आणि साताच्या आत निघा" असे सांगितले असते, तर ती बाई रात्री बारापर्यंत बांधत बसली नसती. निवाऱ्यावर मुलांसाठी बिनतिखट पेज वेगळी काढायला हवी होती, तेही आम्हाला सुचले नाही. तौक्तेच्या वेळी ती पेज केली.

राहता राहिला वडिलांची वाट पाहण्याचा प्रश्न. तो पिशवीने सुटत नाही, आणि नवरा-बायकोत यावर बरेच दिवस बोलणे झाले. शेवटी ठरले ते असे : भरतीच्या दोन तास आधी, तो आलेला असो वा नसो, आईने निघायचे, आणि दाराच्या आतल्या बाजूला, जेथे पाऊस पोचत नाही, खडूने कुठे गेलो ते आणि निघाल्याची वेळ लिहायची. १६ मेला वडील भिजून घरी आले तेव्हा दारामागे थोरलीच्या अक्षरात "शाळेत. ८ वाजून १० मिनिटे. आजी पण" असे लिहिलेले होते. त्यांनी आपली सॅक उचलली आणि ते पाखाडीने वर आले.